बडनेऱ्याला थांबलेली बस

कूलरमध्ये नवं गवत भरलं की प्रॅक्टिकलचा हंगाम लागला असं मी समजते. कॉलेजचं वेळापत्रक मागाहून येतं. आधी लॅबमध्ये त्या ओल्या गवताचा वास पसरतो, मग कूलरची घरघर सुरू होते, आणि त्या घरघरीत पोरांना माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून मी आणखी मोठ्याने बोलू लागते. अमरावतीचा एप्रिल काही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. सकाळीच बाया डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवून गाड्या चालवतात. सख्खी बहीण समोरून गेली तरी ओळख पटत नाही. पार्किंगमधल्या गाड्यांच्या सीटवर कडुनिंबाचा बारीक फुलोरा पडलेला असतो. त्याचा वास लोकांना फार आवडतो. मला आवडत नाही. तो वास आला की मी खिडकी लावून घेते, आणि का लावते हे पक्कं माहीत असूनही त्यावर इलाज सापडलेला नाही.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पोरं मला घाबरतात असं ऐकून आहे. घाबरू द्या. माझं बोलणं वऱ्हाडी वळणाचं, सरळसोट. पुण्याहून आलेल्या परीक्षकांना वाटतं ही बाई भांडून राहिली, आणि मी बिचारी त्यांना चहा घेता का विचारत असते.

आज सकाळी लॅबचं कुलूप काढत होते तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून एक दमलेला पुरुषी आवाज आला, "मॅडम, मी प्रांजलीचा बाप बोलून राहिलो." प्रांजली माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात आहे. हिवरखेडची पोरगी, होस्टेलला राहते, शिस्तीची, कमी बोलणारी. तिच्या बाबांनी जे सांगितलं ते एखादी मोटर दुरुस्तीला टाकली आहे अशा सुरात सांगितलं. ते अकोल्याला दवाखान्यात आहेत. हृदयाचं काहीतरी निघालंय. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी सह्या घेतल्या आहेत, म्हणजे काय ते आपण समजायचं. आणि उद्या सकाळीच प्रांजलीचं प्रॅक्टिकल. घरच्यांनी पोरीला काही कळू दिलेलं नाही. मीही कळू द्यायचं नाही, आणि जमलं तर आज काहीतरी निमित्त करून तिचा मोबाइल काढून घ्यायचा, कारण नातेवाइकांच्या तोंडाचा भरवसा नाही, एवढी त्यांची विनंती होती.

"तिचं प्रॅक्टिकल होऊ द्या, मॅडम. मंग सांगतो मी तिले सारं."

मंग म्हणजे कधी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. मी 'बघते' म्हणाले. कूलर सुरू केला आणि त्याच्यासमोर उगाच उभी राहिले.

माझ्या शेवटच्या वर्षाचा उन्हाळाही असाच होता. हेच शहर, हाच कूलरचा वास, फक्त मी टेबलाच्या पलीकडे होते. प्रोजेक्टमध्ये माझी जोडीदार होती नुसरत, इथलीच, अमरावतीची. हसली की अख्खी लॅब वळून पाहायची. आमचा प्रोजेक्ट होता बसचा. अमरावतीहून अकोल्याला निघालेली बस आत्ता कुठे पोचली, हे घरी बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसलं पाहिजे. एका कॉम्प्युटरवर सर्व्हर, म्हणजे आमचं आगार. दुसऱ्यावर क्लायंट, म्हणजे घरी बसून बसची वाट पाहणारा माणूस. दोघांच्या मध्ये एक तार, आणि त्या तारेच्या दोन टोकांना जो जोड असतो त्याला सॉकेट म्हणतात. सर्व्हरच्या पोटात एक 'बस' नावाची वस्तू होती. तिच्यात बसचा नंबर, आत्ताचं गाव आणि झालेला उशीर, एवढं भरलेलं. अशी वस्तू तारेतून उभीच्या उभी जात नाही. तिची घडी घालून, एकामागून एक बारीक तुकडे करून पाठवावी लागते. पलीकडच्याने ते तुकडे ओळीने वाचायचे आणि वस्तू पुन्हा उभी करायची. नुसरतकडे घडी घालायचं काम, माझ्याकडे उलगडायचं.

हे मला वर्गात सगळ्यांच्या आधी समजलं, कारण माझा डबा असाच यायचा. आमचं घर बार्शीटाकळीचं. नदीकाठच्या मळ्यात बाबा वांगी, सांबार, झेंडू लावायचे आणि अकोल्याच्या बाजारात विकायचे. पुण्यामुंबईकडे सांबार म्हटलं की इडली आठवते, आमच्याकडे ती कोथिंबीर. बाजाराला जाताना बाबा आईने दिलेला डबा बरोबर घ्यायचे आणि अमरावतीच्या बसच्या ड्रायव्हरजवळ द्यायचे. इकडे स्टँडवर मी उभी. डबा फडक्यात बांधलेला असायचा, आणि बाबांची गाठ म्हणजे गाठ. दात लावल्याशिवाय सुटायची नाही. आत भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, कधी कैरी किसून केलेला तक्कू. होस्टेलच्या खोलीत ते फडकं उलगडलं की आमचं घर तिथे पुन्हा उभं राहायचं. त्या उन्हाळ्यात डबा येतच होता. एकदाही चुकला नाही. फक्त गाठ सैल यायला लागली होती, हाताने सहज सुटायची. मला तेव्हा बरंच वाटलं, दातांचा त्रास वाचला म्हणून.

बाबांचा आवाज बाजारात प्रसिद्ध होता. दुसरे भाजीवाले त्यांना म्हणायचे, तुम्ही जरा पलीकडे बसा, आमचं गिऱ्हाईक बहिरं होऊन राहिलं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. वाक्यं ठरलेली आणि त्यांचा क्रमही ठरलेला. "जेवली काय? अभ्यास होऊन राहिला? मी मस्त आहो." बस्स. त्या दिवसांत आवाज जरा उतरला होता, पण वाक्यं तीच होती, म्हणून मी वाक्यंच ऐकली. मागून काहीतरी कर्रकर्र वाजायचं. मी विचारलं, हे काय वाजतं? तर म्हणाले, नवा पंखा घेतला, नवा असून वाजते साला. मी हसले. आमच्या घरी नवा पंखा आला म्हणून मी नुसरतलाही सांगितलं.

इकडे आमची बस बंद पडली होती. म्हणजे सर्व्हरवर ती छान धावायची. नुसरतच्या पडद्यावर बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला अशी गावं एकाखाली एक यायची. माझ्या पडद्यावर मात्र बडनेरा. पुन्हा वाचलं, बडनेरा. पुन्हा, बडनेरा. तारेतून काहीतरी येत होतं, मी ते वाचत होते, वाचताना कुठे अडतही नव्हतं, पण बस काही बडनेरा सोडेना. एखादी चूक दाखवून प्रोग्राम कोसळला असता तर बरं झालं असतं. निदान कुठे बघायचं ते कळलं असतं. इथे सगळं सुरळीत होतं आणि खोटं होतं.

दोष माझ्या पडद्यावर दिसत होता, म्हणून सगळे माझाच कोड तपासत बसले. नुसरतने, वर्गातल्या हुशार पोरांनी, आमच्या सरांनी, सगळ्यांनी. मी तर वाचायच्या ओळी इतक्या वेळा पुसून लिहिल्या की त्या मला डोळे मिटूनही दिसायच्या. नुसरत म्हणायची, "तुझा ड्रायव्हर बडनेऱ्याले सासुरवाडीत जेवून राहिला. हात धुतले की येईन." आम्ही हसायचो आणि घाम पुसायचो. दुपारी वीज जायची, कूलर गप्प व्हायचा, आणि खिडकीतून तो कडुनिंबाचा वास आत यायचा. मला तेव्हा तो आवडत असे.

प्रॅक्टिकलच्या दिवशीसुद्धा बस बडनेऱ्यालाच होती. बाहेरगावचे परीक्षक आले, गळ्यात ओला रुमाल टाकलेले किडकिडीत गृहस्थ. माझा पडदा त्यांनी पाहिला आणि माझ्या कोडला हातही लावला नाही. सर्व्हर दाखवा म्हणाले. नुसरतला विचारलं, तुम्ही दर वेळी नवी बस पाठवता की तीच बस, गाव बदलून? नुसरत म्हणाली, तीच, गाव बदलून. ते मान हलवत म्हणाले, इथेच तर गोम आहे. मग त्यांनी समजावलं. एकदा पाठवलेली वस्तू ती पाठवणारी वाहिनी लक्षात ठेवते. तीच वस्तू पुन्हा हातात दिली, तर आत काय बदललंय हे ती उघडून बघत नाही. 'मघाशी पाठवली तीच' एवढाच निरोप पुढे सोडते. क्लायंटला तो निरोप मिळतो, आणि तो बिचारा आपल्याजवळची जुनी वस्तू काढून पुन्हा दाखवतो. त्याच्या वाचण्यात काही चूक नसते. जे आलं ते तो इमानाने वाचतो.

मग त्यांनी सर्व्हरच्या कोडमध्ये रीसेटची एक ओळ घातली. वाहिनीला म्हणायचं, आतापर्यंतचं सगळं विसर आणि आता जे आहे ते नव्याने पाठव. आम्ही प्रोग्राम चालवला. बडनेरा. मग मूर्तिजापूर. नुसरतने परीक्षकांसमोरच टाळी वाजवली. बोरगाव मंजू. अकोला. इतका आनंद मला त्यानंतर कशाचा झाला असेल तर आठवत नाही.

मी उड्या मारत गेटबाहेर आले तर समोर कडुनिंबाखालच्या ओट्यावर माझा मामा बसलेला. मी म्हटलं, मामा, तू कधी आला? तो म्हणाला, हा काय, आत्ताच. पण त्याच्या टोपीवर, खांद्यावर, मांडीवरच्या पिशवीवर कडुनिंबाची फुलं साचली होती. माणूस बराच वेळ हलला नाही की तशी साचतात. हे मला दिसलं होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त बस होती. मी त्याला बसची सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून. त्यानेही ती सगळी ऐकून घेतली. "चांगलं झालं," म्हणाला. मग म्हणाला, "चाल माय, घरी जाऊ."

बस बडनेऱ्याला थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघून हसत होते. कोणीतरी थंड पाण्याच्या बाटल्या विकत होतं. मामाने मला एक बाटली घेऊन दिली, स्वतः प्यायला नाही. बडनेऱ्याला मला बाबा होते आणि ते मस्त होते. मूर्तिजापूर गेल्यावर मामाने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि सांगितलं. पहाटेच गेले होते. माझ्यासाठी अंत्यविधी संध्याकाळपर्यंत थांबवला होता सगळ्यांनी. मामा सकाळी लॅब उघडायच्या आधीच कॉलेजच्या गेटवर पोचला होता आणि माझं प्रॅक्टिकल होईपर्यंत त्या ओट्यावर बसून राहिला होता.

नवा पंखा वगैरे काही घरात नव्हता. फोनमागे वाजायचा तो दवाखान्यातला होता.

तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस बाबांचं कौतुक करत होता. शेवटपर्यंत पोरीले तरास नाही दिला, अभ्यास मोडू नाही दिला. त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं, कोणी तिला फोन करायचा नाही, तिचं वर्ष वाया जाईन. आमच्याकडे हे असंच चालतं. आजारपण, मयत, मोडलेलं लग्न, काहीही असो, परीक्षा होईपर्यंत पोरांना कळू द्यायचं नाही. सगळं गाव त्यात सामील असतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट पोरांसाठी केवढा जीव, असंच म्हणतात. जीव होताच. तो नव्हता असं मी कधी म्हटलं नाही. पण मला राग आला. अजूनही आहे. मेलेल्या माणसावर रागावलं तर तो राग ठेवायचा कुठे, हे कोणी शिकवत नाही. मी रोज संध्याकाळी जे आलं ते इमानाने वाचत होते, आणि माझ्यापर्यंत बडनेराच येत होतं. मला दोन दिवस त्यांच्या उशाशी बसायचं होतं. ते बोलले नसते तरी चाललं असतं.

आई आता माझ्याजवळ राहते, इथे अमरावतीलाच. पोरांना मी सॉकेटमधली आणखी एक गफलत शिकवते. दोन्ही बाजूंनी ऐकायचा कान आधी उघडला, तर प्रत्येक बाजू दुसरीच्या रामरामाची वाट पाहते. चूक दाखवली जात नाही, काही तुटत नाही, दोन्ही प्रोग्राम नुसते उभे राहतात. आई आणि मी अशाच आहोत. संध्याकाळी ती सांबार निवडत बसते, मी शेजारी पेपर तपासत असते. तिलाही सांगायचं आहे ते शेवटचे दिवस कसे गेले, मलाही विचारायचं आहे. ती वाट पाहते मी विचारेन म्हणून. मी वाट पाहते ती सांगेल म्हणून. मग जेवायची वेळ होते.

दर वर्षी प्रॅक्टिकलच्या सरावाला मी पोरांना हीच बस देते, त्याच गफलतीसकट. शोधा म्हणते. कोणाला लवकर सापडते, कोणाला नाही. आज सरावाचा शेवटचा दिवस. लॅबच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल माझ्या टेबलावरच्या खोक्यात जमा, म्हणजे प्रांजलीच्या बाबांनी सांगितलेलं अर्धं काम मी काही न करताच झालं होतं. ती खिडकीजवळच्या मशीनवर बसली होती. सकाळपासून क्लायंटचा कोड खालीवर करत होती, वाचायच्या ओळी पुसत होती, पुन्हा लिहीत होती. मी मागे जाऊन उभी राहिले तेव्हा मान न वळवताच म्हणाली, "मॅडम, माझं वाचायले काय चुकून राहिलं?"

मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. तिला ते खरं वाटलं नाही. बडनेऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, मग ही हलत कशी नाही? आणि मग स्वतःशीच, जरा हसून, म्हणाली की आज हे सुटलंच पाहिजे, कारण बाबा म्हणून राहिले, निकाल लागला की सगळ्यांना चिखलदऱ्याले नेतो. कालच म्हणाले. काल. मी खिडकी लावायच्या निमित्ताने तिच्याकडे पाठ केली.

सांगायचा अधिकार माझा नव्हता, हे मला समजत होतं. तो त्यांचा आजार, ती त्यांची पोरगी. आजारी माणसाने हात जोडून मागितलेली गोष्ट मोडायची म्हणजे मीही त्यांच्याऐवजी ठरवणारी झाले, आणि माझ्या वेळी सगळ्यांनी तेच तर केलं होतं. पण एक गोष्ट मला माहीत होती आणि त्यांना नव्हती. ज्या परीक्षेसाठी ही माणसं एवढं मोठं दुःख कपड्याखाली झाकून बसतात, ती परीक्षा मी घेते. ती केवढीशी असते हे मला विचारा. प्रांजलीचं नाव उद्याच्या बॅचमधून काढून परवाच्या बॅचमध्ये टाकायला मला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या वेळीही कोणाला लागली नसती. कोणी विचारलंच नव्हतं.

दुपारी पुन्हा फोन आला. खात्री करून घ्यायला. "सांगतलं तं नाई ना, मॅडम?"

मी म्हटलं, नाही सांगितलं, आणि मी सांगणारही नाही. तुम्ही सांगा. मी फोन तिच्याकडे देते. ते घाईघाईने नाही नाही म्हणू लागले, तिचं प्रॅक्टिकल, तिचं वर्ष. मग मी माझ्या त्या भांडखोर आवाजात बोलले, कारण मला दुसरा येत नाही.

"तिचं प्रॅक्टिकल मी परवा घेऊ शकते. तुमचं ऑपरेशन परवा होणार आहे का?"

कूलरच्या घरघरीतही मला ऐकू येत होतं, तिकडे एक पंखा कर्रकर्र वाजत होता. मला तो आवाज आधी कुठे ऐकला ते आठवायची गरज पडली नाही. मी कानाला फोन लावून तशीच उभी राहिले. घाई केली नाही. मग ते म्हणाले, "द्या."

मी खिडकीजवळ गेले आणि तिच्या हातात फोन दिला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या नावाकडे; तिथे नाव नव्हतं, नुसता नंबर होता. "कोण?" म्हणाली. पलीकडून नेहमीची वाक्यं नेहमीच्या क्रमाने सुरू झाली असावीत, कारण तिचा चेहरा आधी उजळला. मग कपाळाला आठी पडली.

"बाबा, तुमी मॅडमच्या फोनवर कावून?"

ह्या प्रश्नाला 'मी मस्त आहो' हे उत्तर चालत नाही. पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि मला ऐकायचंही नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता तिच्या स्क्रीनकडे पाहत राहिले. बस बडनेऱ्याला उभी होती. प्रांजली मधूनमधून "हव" म्हणत होती. प्रत्येक हव आधीच्यापेक्षा बारीक. मग ती खुर्चीवरून उठली, एका हाताने दुपट्टा ओढून घेतला, आणि मला पहिल्यांदाच तिचा आवाज एवढा मोठा ऐकू आला.

"मी येऊन राहिली. तुमी फोन ठेवू नका, बाबा. बस येईपर्यंत बोलत राहा."

माझाच फोन कानाला लावून ती लॅबबाहेर पडली. मी तिला थांबवलं नाही. तिचा स्वतःचा फोन माझ्या टेबलावरच्या खोक्यातच राहिला.